वार्ता विघ्नाची, नुरवी: एका आरतीची बांधणी

'सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची' म्हणून आपण थांबतो. टाळही तिथेच पडतो, श्वासही तिथेच घेतला जातो. अर्थ मात्र तिथे थांबत नाही. तिथेच थांबलं तर गणपती सुखाचा कर्ता, दुःखाचा हर्ता आणि विघ्नाची वार्ता, असं काहीतरी विचित्र हाती लागतं. वाक्याचं क्रियापद पुढच्या ओळीच्या तोंडाशी आहे: नुरवी. न उरवी, म्हणजे उरू देत नाही. विघ्न तर सोडाच, विघ्नाची वार्तासुद्धा शिल्लक ठेवत नाही. पुढे लगेच 'पुरवी प्रेम', आणि हे सगळं कोण करतं तर 'कृपा जयाची'. गद्यात मांडायचं तर, ज्याची कृपा विघ्नाची वार्ताही उरू देत नाही आणि प्रेम पुरवते, असा तो सुखकर्ता, दुःखहर्ता.

ओळ संपते, वाक्य मात्र पुढच्या ओळीत उतरतं. समर्थ रामदासांनी (1608–1681) ही आरती रचली. मोरगावच्या मयूरेश्वराच्या दर्शनाने ती सुचली, असं परंपरा सांगते. ती आपल्याला इतकी पाठ आहे की कविता म्हणून तिच्याकडे बघायचं राहूनच जातं. गणेशोत्सवात दिवसातून दोनदा, दहा दिवस, मंडपात आणि घरात म्हटली जाणारी ही बारा ओळींची आणि एका ध्रुपदाची, म्हणजे कडव्यामागून येणाऱ्या 'जय देव जय देव'ची, रचना किती कसून बांधलेली आहे, हे एकदा सावकाश बघण्यासारखं आहे.

'नुरवी पुरवी' या जोडीपाशी थोडं थांबू. दोन शब्दांत फक्त पहिल्या व्यंजनाचा फरक आहे, न आणि प. अर्थ मात्र एकमेकांच्या उलट: एक शिल्लक ठेवत नाही, दुसरा हवं ते आणून देतो. त्याआधीच्या ओळीत हाच खेळ वेगळ्या तऱ्हेने झालेला आहे. सुख-दुःख आणि कर्ता-हर्ता या विरोधी जोड्या, आणि त्यांना जोडणारा 'र्ता' हा ध्वनी. कर्ता, हर्ता आणि लगेच वार्ता. तिसऱ्या 'र्ता'ला विरोध संपला, पण नाद चालू राहिला, आणि त्या नादाच्या ओघातच आपण वाक्याचा सांधा न बघता पुढे जातो. अनुप्रासाने कानाला ओढून नेलं की डोकं मागे राहतं, ते असं. म्हणून ही ओळ शिकवायची असेल तर एकदा चालीशिवाय, 'वार्ता विघ्नाची नुरवी' असं सलग म्हणून दाखवावं. मुलांना एका मिनिटात कळतं आणि मग ते कधीच विसरत नाहीत.

काही छापील पुस्तकांत 'प्रेमकृपा' असा एक शब्द करून टाकलेला दिसतो. तसं केलं की वाक्याचा कर्ताच जातो. प्रेम हे कर्म आहे, कृपा कर्ता. दोघांमध्ये जागा सोडायलाच हवी.

आता पहिल्या कडव्याचं अंत्ययमक बघा. विघ्नाची, जयाची, शेंदुराची, मुक्ताफळांची. चारही ओळी 'ची'वर संपतात आणि चारही षष्ठीची रूपं आहेत. षष्ठीला नाम लागतं, आणि ते नाम प्रत्येक वेळी आधी येऊन गेलेलं आहे: वार्ता विघ्नाची, कृपा जयाची, उटी शेंदुराची, माळ मुक्ताफळांची. बोलताना आपण 'शेंदुराची उटी' म्हणतो, इथे क्रम उलटवलाय. आणि 'ची' येण्यासाठी ही चारही नामं स्त्रीलिंगी असावी लागतात. वार्ता, कृपा, उटी, माळ, चारही आहेत. एक जरी हार किंवा लेप आला असता तर 'चा' आला असता आणि यमक मोडलं असतं. गळ्यात हार न घालता माळ घातली, शेंदराचा लेप न लावता उटी लावली, यामागे हे व्याकरणही आहे. यमक शेवटी जुळवत बसायचं नसतं, शब्द निवडायच्या आधीच ते ठरलेलं असतं, याचा इतका स्वच्छ नमुना मराठीत शोधावा लागेल.

यानंतर मोजणी. मराठी पद्यरचनेत अक्षरं मोजणारे छंद, मात्रा मोजणाऱ्या जाती आणि लघु-गुरूंचा क्रम पक्का ठेवणारी अक्षरगणवृत्तं, असे तीन मार्ग. ही आरती कुठल्या मार्गाने जाते? पहिल्या कडव्याची अक्षरं मोजली तर 13, 13, 12, 12 भरतात. बरीच जवळजवळ. मात्रा मोजल्या, म्हणजे लघूला (ऱ्हस्व अक्षराला) एक आणि गुरूला (दीर्घ अक्षराला) दोन, तर 23, 19, 20, 20. पहिली ओळ एकदम फुगते, कारण कर्ता, हर्ता, विघ्ना यांतल्या जोडाक्षरांनी आधीचं अक्षर गुरू करून टाकलंय. दुसऱ्या कडव्यात अक्षरं 14, 12, 13, 15 आणि तिसऱ्यात 15, 13, 12, 19. म्हणजे कागदावर ओळी असमान आहेत, आणि तरी शेकडो माणसं एका टाळावर ती बिनचूक म्हणतात.

याचं कारण आरती गेय आहे. तिची मोजपट्टी टाळाच्या ठोक्यात आहे. प्रचलित चालीत ओळीला ठोके ठरलेले, आणि त्या ठोक्यांत अक्षरं बसवायची. जिथे अक्षरं कमी तिथे स्वर ओढायचा, जिथे जास्त तिथे लघू अक्षरं जोडीने एका ठोक्यात टाकायची. 'नुरवी'तले नु आणि र एका घासात जातात, 'वी' एकटी तेवढीच जागा घेते. 'झळके'तही तेच. मराठीत हे सहज जमतं, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत आपला गाता गळा संस्कृतइतका कडक नाही. ज्यांनी संस्कृत वृत्तांचा अभ्यास केलाय त्यांना आरत्या 'सदोष' वाटतात, आणि मला वाटतं तिथे चूक मोजणाऱ्याची आहे. टाळ हातात न घेता आरतीचं वृत्त सांगता येत नाही.

पण एक गोष्ट कागदावरच कळते. शेवटच्या कडव्याची चौथी ओळ 19 अक्षरांची आहे, तिच्या आधीची 12. हा अपघात नाही. दुसऱ्या आरत्या मोजून बघा. शंकराच्या 'लवथवती विक्राळा'चं पहिलं कडवं: 13, 11, 11 आणि मग 'तेथुनिया जळ निर्मळ वाहे झुळझुळा' ही 15. दत्ताच्या आरतीचं पहिलं कडवं: 13, 12, 12 आणि मग 'सुरवर मुनिजन योगी समाधी न ये ध्याना' ही 17. तीन ओळी आखूड आणि चौथी लांब. तीन ओळींत ठेक्याची सवय लावायची, मग चौथीत अक्षरं दाटीने भरून ओळ ध्रुपदाकडे ढकलायची. ढकलल्यासारखीच ती येते. लांब ओळीनंतर 'जय देव जय देव' हे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं, मोकळं, जवळजवळ न बघता म्हणता येणारं पद येतं, आणि ज्यांना कडवं येत नव्हतं तेही तिथे सामील होतात. जमावाने म्हणायच्या कवितेत ही सोय फार मोलाची आहे. कडवं चार जणांना येतं, ध्रुपद चाळीस जणांना.

सगळ्याच आरत्या असं करत नाहीत. 'युगे अठ्ठावीस'चं पहिलं कडवं 12, 13, 14, 12 असं आहे, शेवटी उलट आवरतं घेणारं. 'दुर्गे दुर्घट भारी' 14, 13, 12, 13. म्हणून त्या आरत्यांचा वेग वेगळा लागतो. गणपतीच्या आरतीनंतर त्याच वेगाने दुर्गेची आरती सुरू केली की पहिल्या दोन ओळींत गडबड होते.

ध्रुपदाचं यमक डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येतं. 'जय मंगलमूर्ती' आणि 'मनकामना पुरती'. लिहिताना एकीकडे र्ती हे जोडाक्षर, दुसरीकडे र आणि ती अशी दोन सुटी अक्षरं. म्हणताना 'पुरती'तला र आपण मराठी सवयीने हलका करतो आणि मूर्ती-पुर्ती अशी तंतोतंत जोड लागते. मराठीत शब्दाच्या मधला अ गिळला जातो, या उच्चाराच्या सवयीवरच हे यमक उभं आहे. लिपीवर विसंबणाऱ्याला ते कच्चं वाटेल. कानावर विसंबणाऱ्या कवीने ते निर्धास्त वापरलंय.

'पुरती' हे जुनं वर्तमानकाळी अनेकवचन: पुरती म्हणजे पुरतात, पूर्ण होतात. 'अगदी पुरती' या अर्थाचा हा शब्द नाही. आणि 'दर्शनमात्रे'मधलं मात्र म्हणजे केवळ. केवळ दर्शनाने मनातल्या कामना पूर्ण होतात. पहिल्या कडव्यातला 'पुरवी' आणि ध्रुपदातला 'पुरती' ही एकाच धातूची दोन रूपं, एकात तो पुरवतो, दुसऱ्यात त्या आपोआप पुरतात. 'मनकामना' की 'मनःकामना' यावर वाद होतात. संस्कृत समास म्हणून विसर्ग हवा; पण मराठी ओळीत विसर्ग म्हटला की तिथे ठोका अडखळतो आणि पुढचा 'का' उशिरा पडतो. विसर्ग सोडलेला पाठ गायला सोपा आहे आणि मला तोच बरा वाटतो.

दुसरं कडवं अंगावरून नजर फिरवतं. पहिल्यात सर्वांगाला शेंदूर, गळ्यात मोत्यांची माळ. इथे रत्नं जडवलेला फरा हा अलंकार, चंदनाची उटी, कुंकू, केशर, मग डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट आणि तिथून थेट पायांशी. लाल, पांढरा, पिवळट, केशरी असे रंग एकामागून एक येतात, चंदन-केशराचा वास येतो आणि शेवटी आवाज: रुणझुणती नूपुरे चरणी घागरिया. रंग, गंध, नाद, याच क्रमाने. मूर्ती तर स्थिर असते, तिचे नूपुर वाजतील कसे? पण आरतीत या क्षणी टाळ आणि घंटा वाजतच असतात. 'रुणझुणती' हा शब्द भोवतालच्या त्या आवाजातून आपला अर्थ उचलतो. रुणझुण या नादाचंच क्रियापद केलंय, तेही अनेकवचनी. शंकराच्या आरतीत पाणी 'झुळझुळा' वाहतं, तिथेही हीच पद्धत आहे: कडव्याच्या शेवटच्या ओळीत नादानुकारी शब्द ठेवायचा.

यमकासाठी शब्दांची केलेली ओढाताण या कडव्यात उघडी दिसते, आणि ती बघण्यात मजा आहे. 'गौरीकुमार' याचं 'गौरीकुमरा' झालं, मा चा म केला. जुन्या मराठीत कुमर हे रूप चालतंच. 'केशर'चं 'केशरा' झालं. 'शोभतो बरा' यातला 'बरा' आज आपण 'ठीकठाक' या अर्थाने वाचतो आणि मुकुटाचं कौतुक अर्धवट वाटतं. जुन्या भाषेत बरा म्हणजे छान, उत्तम. 'बरवा' त्याचाच भाऊ. शेवटी 'घागरिया' येतं, घागऱ्यांचं जुनं लांब रूप, आणि यमक 'रा'वरून 'रिया'वर सरकतं. चालीत शेवटचा आ ओढला जातो म्हणून ते निभावतं. याच कडव्याच्या पहिल्या ओळीत आतल्या आतही यमक आहे: फरा, कुमरा. म्हणजे पहिल्याच ओळीत 'रा' दोनदा कानावर घातलं जातं, पुढे काय येणार याची तयारी म्हणून.

व्याकरणातली एक हालचाल मात्र यमकाच्या ओढाताणीहून जास्त महत्त्वाची आहे. पहिल्या कडव्यात देव तिसऱ्या पुरुषात आहे: 'कृपा जयाची', ज्याची. दुसऱ्यात 'तुज' येतं, तुला. तिसऱ्यात सगळी संबोधनं. आधी त्याच्याविषयी बोललं जातं, मग त्याच्याशी, आणि मग त्याला हाक. बारा ओळींत आपण तीन पावलं पुढे सरकतो.

तिसऱ्या कडव्यात सर्वांत जास्त चुका होतात, कारण सर्वांत जास्त समास इथे आहेत. लंबोदर, पीतांबर हे ओळखीचे. फणिवरबंधना ओळखीचा नाही. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. ज्याने कमरेला नागाचं बंधन केलंय तो फणिवरबंधन, त्याला हाक म्हणून 'बंधना'. अनोळखी समास ऐकला की कान त्यातून ओळखीचे शब्द कोरून काढतो. म्हणून 'फळीवर वंदना' होतं. म्हणणाऱ्याची भक्ती कमी नसते, त्याला कुणी तो शब्द कधी फोडून सांगितलेला नसतो इतकंच. छापताना 'फणिवर बंधना' असं तोडलं की चूक पक्की होते. तेच 'सुरवरवंदना'चं: ज्याला श्रेष्ठ देवही वंदन करतात तो. एकत्र छापलं तर ती हाक आहे, तोडून छापलं तर नुसती कुणालातरी केलेली वंदना. 'लवथवती'चं 'लवलवती' होतं तेही याच कारणाने, लवलवणं रोजच्या बोलण्यात आहे आणि लवथवणं उरलेलं नाही.

'सरळ सोंड वक्रतुंड' यात सोंड-तुंड हे अंतर्यमक तर आहेच, वर विरोधही आहे: सोंड सरळ आणि तुंड वक्र. दोन्ही एकाच मुखाविषयी. विरोधाभास अलंकार शिकवायला हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडात तयार आहे. आणि नाद बघा, लंबोदर-पीतांबर-बंधना, सोंड-तुंड. अनुस्वारांची माळ लागलीय, झांजेच्या घुमण्यासारखी.

यमक इथे 'ना'वर आहे: फणिवरबंधना, त्रिनयना, सदना, सुरवरवंदना. यातली तीन संबोधनं, देवाची नावं. 'सदना' हे संबोधन नाही. सदना म्हणजे घरी. 'दास रामाचा वाट पाहे सदना', रामाचा दास घरी वाट पाहतोय. देवाच्या तीन नावांच्या मध्ये, त्याच यमकात, कवीने आपलं घर बसवलंय. काही जण इथे 'सजणा' म्हणतात. संबोधनांच्या ओघात चौथंही संबोधनच असणार अशी कानाची खात्री झालेली असते, त्यातून ही चूक होते, म्हणजे चुकीतूनसुद्धा यमकाची ताकद कळते. पण सजणा म्हटलं की घर गेलं, आणि वाट पाहण्याची जागाच गेली.

'दास रामाचा' ही नाममुद्रा. रामदास हे नाव फोडून, उलटवून, त्याचं साधं वाक्य केलंय. सही आणि अर्थ दोन्ही एकाच वेळी. दत्ताच्या आरतीत 'एका जनार्दनी' येतं, विठ्ठलाच्या आरतीत 'केशवासी नामदेव', दुर्गेच्या आरतीत 'नरहरि तल्लीन झाला'. मुद्रा साधारणपणे शेवटच्या कडव्यात येते आणि ती ओळ बदलायची नसते. गाताना आपण कुणाच्या तरी तोंडचं म्हणतोय, याची ती खूण आहे.

आणि मग ती 19 अक्षरांची ओळ. संकटी पावावे, सहा अक्षरं. निर्वाणी रक्षावे, सहा अक्षरं. सुरवरवंदना, सात. पहिले दोन तुकडे एकाच मापाचे, एकाच घडणीचे: आधी 'ई'कारान्त सप्तमी, मग 'आवे'चं विध्यर्थी रूप. संपूर्ण आरतीत नऊ क्रियापदं आहेत, ध्रुपदातलं 'पुरती' धरून. सात वर्णनाची. मागणं फक्त या शेवटच्या दोघांत आहे. अकरा ओळी काहीही मागितलेलं नाही. आणि मागितलं तेव्हा दोन मागण्या एकाच ओळीत आल्या, ओळ मापाबाहेर गेली. इथे 'संकष्टी पावावे' म्हणणारे खूप आहेत. संकष्टी ही चतुर्थी, महिन्यातून एकदा येणारी. कवी म्हणतो संकटी, संकटात, कधीही. आणि निर्वाणी म्हणजे अगदी शेवटच्या, अटीतटीच्या वेळी. संकट ते निर्वाण अशी चढती मागणी आहे. पहिला शब्द चुकला की ती चढण दिसत नाही. म्हणताना घाई झाली तर ओळ दोन श्वासांत म्हणावी: 'रक्षावे'वर पहिला श्वास संपवावा, मग सुरवरवंदना. 'निर्वाणी'च्या आधी श्वास घेतला की मागणी अर्धी तुटते.

नव्या आरत्या आजही रचल्या जातात, ग्रामदैवतासाठी, एखाद्या मंडळासाठी. त्यातल्या बऱ्याच म्हणता येत नाहीत, आणि कारणं ठरावीक असतात. ध्रुपदात 'जय' नंतर जी जागा आहे तिचं माप बघा: मंगलमूर्ती पाच अक्षरं, श्रीशंकरा चार, पांडुरंगा चार, श्रीगुरुदत्ता पाच. दैवताचं नाव सात अक्षरांचं असेल तर ते तिथे कोंबू नये, चार-पाच अक्षरांचं विशेषण घ्यावं आणि नाव कडव्यात आणावं. महिषासुरमथिनी आठ अक्षरांची आहे हे खरं, पण त्यातली बरीच लघू, घरंगळत जाणारी आहेत, आणि त्यासाठी चाल बदलावी लागली. दुसरं, कडव्याच्या चार यमकांचे शब्द आधी कागदावर मांडावेत आणि मग ओळी लिहाव्यात. उलट केलं की चौथ्या ओळीत 'भारी', 'न्यारी' असे भरतीचे शब्द येतात. तिसरं, ओळ 12 ते 14 अक्षरांत ठेवावी, चौथीला 15-17 पर्यंत मोकळीक. आणि जोडाक्षरं ओळीच्या सुरुवातीला चालतात, शेवटून दुसऱ्या अक्षरावर टाळावीत. तिथे स्वर ओढायचा असतो आणि जोडाक्षरावर तो ओढता येत नाही. विघ्नाची हा अपवाद आहेच, पण तिथे ओढ शेवटच्या दीर्घ 'ई'वर येते.

यमकाचा आणखी एक प्रकार शिकायचा तर दुर्गेच्या आरतीकडे जावं. 'वारी वारी जन्ममरणांते वारी' यात एकच शब्द तीनदा आहे, तिन्ही वेळा 'निवार' याच अर्थाने. काकुळतीची ती पुनरुक्ती. आणि लगेच पुढची ओळ 'हारी पडलो' अशी सुरू होते. म्हणजे ओळीच्या शेवटचा नाद पुढच्या ओळीच्या तोंडाशी. दुसऱ्या कडव्यात पुन्हा 'न बोलवे काही' आणि त्याला लागून 'साही विवाद करिता'. ओळीला ओळ कडीने अडकवल्यासारखी. तिथले 'चारी' आणि 'साही' हे आकडे आहेत: चारी वेद थकले, साही शास्त्रं वाद घालता घालता प्रवाहात पडली. एवढा मोठा विचार दोन संख्यावाचक शब्दांत आवरला, कारण ऐकणाऱ्याला चार म्हटलं की वेद कळतात असा भरवसा होता.

आरत्या संपल्या की 'घालीन लोटांगण'. इथे रचनेचा पायाच बदलतो, आणि सगळे नकळत वेग बदलतात. पहिलं कडवं नामदेवांचं (1270–1350), मोठ्या अभंगाच्या मापाचं: सहा, सहा, सहा, चार. 'प्रेमे आलिंगीन, आनंदे पूजीन, भावे ओवाळीन, म्हणे नामा.' मोजून बघा, अक्षराचाही फरक नाही. पहिल्या तीन तुकड्यांत 'ईन'चं यमक आणि चौथा आखूड, जिथे श्वास टेकतो. पुष्कळ जण 'आलिंगन' म्हणतात. पण रांगेत सगळी क्रियापदं आहेत, तिथे 'आलिंगीन' हेच बसतं.

त्यानंतरची कडवी संस्कृत, आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा. 'त्वमेव माता च पिता त्वमेव' हे अकरा अक्षरांचं उपेंद्रवज्रा वृत्त. 'कायेन वाचा' ही भागवतातली ओळ इंद्रवज्रा, फरक फक्त पहिल्या अक्षराचा, तिथे लघू इथे गुरू. 'अच्युतं केशवं रामनारायणं' हे स्रग्विणी: गालगा गालगा गालगा गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). अच्युतं, केशवं, रामना, रायणं. मराठी आरतीत ओळ टाळाच्या मागे जाते, इथे टाळालाच ओळीच्या मागे जावं लागतं, कारण लघू-गुरूंची जागा पक्की आहे. म्हणून इथे सगळ्यांचा ताल आपोआप एक होतो आणि वेग वाढतो. शब्द नीट न येणारेसुद्धा गालगाच्या झोक्यावर बरोबर उतरतात. शेवटी 'हरे राम' आठ-आठ अक्षरांचं, अनुष्टुभाच्या मापाचं, जिथे तो वेग जरा जमिनीवर येतो.

पण पुन्हा त्या पहिल्या कडव्याकडे यावंसं वाटतं. घालीन, वंदीन, पाहीन, आलिंगीन, पूजीन, ओवाळीन. शेवटचं 'म्हणे' सोडलं तर दोन ओळींत सहा क्रियापदं, सगळी प्रथमपुरुषी आणि भविष्यकाळी. गणपतीच्या आरतीत झळकणं, शोभणं, पुरवणं हे सगळं देवाकडे होतं आणि भक्ताकडे फक्त वाट पाहणं. इथे सगळं भक्त करणार आहे, अख्ख्या अंगाने, डोळ्यांनी, मिठीने, हातांनी. आणि 'भावे ओवाळीन' असं भविष्यकाळात म्हटलं जातं तेव्हा ओवाळून झालेलं असतं. तबकातला कापूर विझत आलेला असतो, आणि ते तबक आता हातोहात फिरू लागतं.